अंगठ्याची जागा

कपाच्या कानावर, जिथे धरताना अंगठा टेकतो तिथे, एक खोलगट ठसा होता. चार मिलिमीटर खोल, अंगठ्याच्या पहिल्या पेराएवढा लांब. थोरलीने तो एकदा पट्टी लावून मोजला होता. प्रत्येक कपावर जागा तीच. कल मात्र थोडा वेगळा, कारण ओल्या मातीवर दाबणारा अंगठा माणसाचा होता.

तो ठेवायचा की काढून टाकायचा, हे घोंगडं दोन वर्षं भिजत पडलं होतं. धाकटी बहीण त्याला खड्डा म्हणायची. थोरली काहीच म्हणायची नाही. चाकावर बसली की तिचे हात चालत, तोंड चालत नसे. माती आणि भट्टी थोरलीकडे, विक्री धाकटीकडे, आणि दोघींच्या हातच्या चहाला नावं ठेवायचं काम आईकडे.

आता मात्र वेळ उरला नव्हता. एका मोठ्या दुकानाला दोनशे कप हवे होते. फोटो चारपर्यंत पाठवायचे. फोटोत दिसेल तसाच माल हवा, ही त्यांची अट. म्हणून सकाळपासून फोटोग्राफर कामाच्या खोलीत ठाण मांडून होता. त्याने आठवडाभर आधीच विचारलं होतं, “काय दिसायलाच हवं आणि काय दिसता कामा नये, दोघीही लिहून पाठवा.” धाकटीने अकरा ओळी पाठवल्या. थोरलीने पाठवलं, “तुम्हाला योग्य वाटेल तसं.” त्याआधी तिने तीन ओळी लिहून खोडल्या होत्या, पण ते फक्त तिच्या फोनला ठाऊक.

अडीच वाजता त्याने लॅपटॉप फिरवून दाखवला. बारा कप, पांढऱ्या कागदावर, आरशासारखे गुळगुळीत. धाकटीने टाळीच वाजवली. थोरली वाकून बघत राहिली. काहीतरी चुकत होतं आणि बोट ठेवता येत नव्हतं.

तेवढ्यात मागून आई कडाडली, “हा कोणाचा कप आहे गं? अंगठा घसरतोय!”

“आई! तो फोटोतला कप आहे!” धाकटी ओरडली. “त्यात चहा कशाला ओतलास?”

“मग काय, कपात भात शिजवू?” आईने अंगठा वर केला. “आणि हे चिकट काय लागलंय?”

फोटोग्राफरने घसा खाकरला. “मेण आहे, काकू. मॅडमनी लिहिलं होतं, कुठेही खड्डा नको. बाराही कप भरलेत. एकेकाला दहा मिनिटं लागली,” हे शेवटचं त्याने जरा छाती फुगवूनच सांगितलं.

“अहो, मला म्हणायचं होतं, कप असा फिरवून ठेवा की तो दिसणार नाही!”

“फिरवण्याचं काही लिहिलं नव्हतंत.”

“इतकं शब्दाला धरून वागतं का कोणी?”

“मागे एकांनी पांढरी चादर सांगितली होती, मॅडम. मी मनानेच बदामी घेतली. तेव्हापासून शब्दाला धरूनच वागतो.”

आईला हसू आवरेना. धाकटीने रागवायचा प्रयत्न केला, पण तिला ते नीट जमलं नाही.

फोटोग्राफर थोरलीकडे वळला. “ताई, चूक माझीही आहे. तुमचं उत्तर हे उत्तरच नव्हतं. मी तेव्हाच परत विचारायला हवं होतं. मेण काढायला वीस मिनिटं पुरतील, फोटो परत घ्यायला तासभर. आता तरी सांगा, काय दिसायलाच हवं?”

“बोल बाई एकदाची,” धाकटी म्हणाली. “गुळगुळीत हवेत तर हेच पाठवते. पण मग दोनशेही तसेच करावे लागतील, नंतर गाल फुगवून बसायचं नाही.”

थोरलीने आईकडे पाहिलं. आई मेणाच्या कपातला चहा आपल्या रोजच्या कपात ओतत होती. दोन वर्षांपूर्वी आईच्या अंगठ्याचा सांधा आखडला, एका महिन्यात तीन कप हातातून निसटले, आणि चौथ्याच्या ओल्या कानावर थोरलीने न बोलता आपला अंगठा दाबला. मग पुढच्यावर, आणि त्याच्या पुढच्यावर. आत्ता आईचा अंगठा त्या ठशात जाऊन बसला. चहा जराही हिंदकळला नाही.

“साखर कमी आहे,” आई म्हणाली.

थोरलीने लॅपटॉप मिटला.

“ठसा राहणार,” ती म्हणाली. “दोनशेच्या दोनशे कपांवर राहणार. आणि पहिला फोटो त्याचाच घ्या, आईचा अंगठा त्यात ठेवून. दुकानाला नको असेल तर त्यांनी आजच तसं सांगावं.”