बोळाचा वाद

गल्लीच्या ग्रुपवर त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणत, पण ते वकील नव्हते. एकतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या बसस्थानकावर निवेदकाचं काम केलं होतं. काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठे लागली आहे, कुणाची आई चौकशीच्या खिडकीपाशी वाट पाहत उभी आहे, हे ते सांगत. आवाज असा की धावत्या माणसाचे पाय थबकत. मग घशात गाठ निघाली, आणि गाठीबरोबर डॉक्टरांना स्वरयंत्रही काढून टाकावं लागलं. आता गळ्याच्या खळगीत बटणाएवढं भोक होतं. श्वास तिथूनच चालायचा, आणि त्यावर पातळ सुती पट्टा बांधलेला असायचा.

ऑपरेशननंतर मुलीने त्यांना आपल्या घरी आणलं, तिसऱ्या मजल्यावर. इथे त्यांचा आवाज कुणी कधी ऐकलेलाच नव्हता. दवाखान्यातून गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. निवेदकांनी ते एकदाच लावलं, त्यातून निघालेला सपाट, घरघरता आवाज ऐकला, यंत्र टॉवेलात गुंडाळलं आणि कपाटात ठेवून दिलं. पुढे एकदा मुलीबरोबर ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. काय हवं ते त्यांनी नुसत्या ओठांनी सांगितलं. दुकानदाराला वाटलं, म्हातारा बहिरा आहे. तो त्यांच्या कानाशी येऊन ओरडायला लागला, हातवारे करायला लागला. दुकानातली चारदोन माणसं वळून पाहू लागली. त्या दिवसापासून निवेदक खाली उतरले नाहीत.

ग्रुपवर त्यांना आणलं मुलीनेच. "बाबा, माझ्याऐवजी तुम्हीच राहा त्यात. ऑफिसात माझा फोन दिवसभर किणकिणतो," असं म्हणून तिने त्यांचा नंबर घालून टाकला.

पहिला आठवडा ते नुसतं वाचत राहिले. मग कुणीतरी लिहिलं की समोरच्या इमारतीच्या जिन्याला सोळा पायऱ्या आहेत, आणि कुणी म्हणालं सतरा. निवेदकांनी लिहिलं : "उंबरठ्याला पायरी म्हणायचं की नाही, हे आधी ठरवा. नाहीतर दोन्ही पक्ष आयुष्यभर बरोबरच राहतील."

लगेच उत्तर आलं. "उंबरठा ओलांडतात, पायरी चढतात. मी सत्तर वर्षांची आहे, माझ्या गुडघ्यांना विचारा. सोळा."

या सिस्टर. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, मोठ्या इस्पितळात वॉर्ड सांभाळून निवृत्त झालेल्या. त्या दिवशी पायऱ्यांवरून जी जुंपली ती दुपारपर्यंत चालली. शेवटी सिस्टरांनी लिहिलं, "तुम्ही वकील होतात का हो?" आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

पुढचं वर्षभर दोघांनी शब्दाला शब्द लावला. चहा पुन्हा गरम करून प्यावा का, गल्लीतली तपकिरी मांजर नेमकी कुणाची, दिवा पिवळा बरा की पांढरा, एकही विषय त्यांनी सोडला नाही. ग्रुप चालवणारा वायरमन तळमजल्यावर राहायचा. तो मध्येच लिहायचा, "दोघांचं मीटर फार पळतंय, फ्यूज उडेल." मुलगी संध्याकाळी घरी आली की निवेदक तिला फोन दाखवत आणि खांदे हलवून हसत. त्या हसण्याला आवाज नसे, पण ते हसणं होतं. मुलीला तेवढं पुरे होतं.

मग बोळाचा विषय निघाला.

दोन इमारतींच्या मधून एक अरुंद बोळ जायचा. एका तोंडाला मोठा रस्ता, दुसऱ्याला इस्पितळाचं मागचं फाटक. जागा दोन्ही इमारतींच्या मालकीची, पण वर्षानुवर्षं कुणीही यायचं-जायचं. रुग्णांसाठी डबे नेणारी माणसं, शाळेची मुलं, पाळी संपवून परतणारे कामगार, आणि अलीकडे मोटारसायकलीसुद्धा. सिस्टरांनी ग्रुपवर प्रस्ताव मांडला : बोळाला लोखंडी दार लावावं आणि कुलूप घालावं.

निवेदकांनी लगेच विरोध केला. वाट बंद झाली तर डबा घेऊन जाणाऱ्याला अर्ध्या तासाचा वळसा पडेल, असं लिहिलं. इतकी वर्षं चालू असलेली वाट एका दिवसात बंद करण्याचा आपल्याला काय हक्क, असं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, हक्क मालकांचा. निवेदक म्हणाले, मग माणुसकी कुणाची? सिस्टरांनी उत्तर दिलं : "माणुसकी मला शिकवू नका. मी चाळीस वर्षं लोकांच्या उशापायथ्याशी उभी राहून सेवा केली आहे."

या वेळी चेष्टेचा सूर नव्हता. वायरमनचा विनोदही आला नाही. दोन दिवस ग्रुप तापलेलाच राहिला. मग सिस्टरांनी लिहिलं : "फोनवर बोटं नाचवणं सोपं असतं. रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या गच्चीवर बैठक घेऊ. वकीलसाहेब, तुमचं जे म्हणणं आहे ते सगळ्यांसमोर, तोंडाने सांगा."

निवेदक तो शेवटचा शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मग फोन पालथा घातला आणि खिडकीशी जाऊन बसले.

मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांना माहीत नाही म्हणून त्या तसं म्हणाल्या. मी कळवते त्यांना."

लिहून बोलण्यासाठी जवळ ठेवलेली पाटी त्यांनी घेतली आणि लिहिलं : नको. कीव करून हरतील त्या.

"मग जाऊ नका."

बराच वेळ ते बाहेर पाहत बसले. खालच्या बोळातून एक बाई डब्याची पिशवी सांभाळत घाईघाईने गेली. त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं : कागद दे.

रविवारी सकाळी दीड वर्षानंतर ते जिना उतरले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, गळ्याला नवा पट्टा आणि खिशात दोन घड्या घातलेला कागद. समोरच्या इमारतीचा जिना चढताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. गळ्यातून श्वासाचा शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि मुलगी तो ऐकू येत नसल्यासारखी शेजारी उभी राहत होती.

गच्चीवर पंचवीसेक माणसं होती. वायरमनने खुर्च्या मांडल्या होत्या. "हे तिसऱ्या मजल्यावरचे," असं मुलीने सांगितलं, तेव्हा वायरमन उठून पुढे आला. "म्हणजे तुम्हीच वकीलसाहेब! बसा, बसा. बोला की!"

निवेदकांनी गळ्याकडे बोट केलं आणि मान हलवली. वायरमनचा पुढे केलेला हात तसाच राहिला. निवेदकांना वाटलं, झालं, आता पुन्हा तेच. त्यांनी कागद काढून मुलीला द्यायला हात पुढे केला.

तेवढ्यात एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी आधी पट्ट्याकडे पाहिलं. नजर कुठे चुकवली नाही, की जरुरीपेक्षा जास्त रेंगाळूही दिली नाही. अशी नजर निवेदकांनी इस्पितळातच पाहिली होती. त्या म्हणाल्या, "मी सिस्टर. तुमच्याशी भांडणारी. तोंडाने सांगा असं मी लिहिलं, ते माझं चुकलं. तो कागद मला द्या. मी वाचते."

"तुम्ही?" मुलीच्या तोंडून निघून गेलं. "पण तुम्ही तर त्यांच्या विरुद्ध—"

"म्हणूनच. मी वाचलं तर त्यातला एक शब्दही गाळला असं कुणी म्हणणार नाही."

निवेदकांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि कागद त्यांच्या हातात दिला.

सिस्टरांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. त्यांचा आवाज भरदार नव्हता, थोडा चिरका होता. पण त्या घाई करत नव्हत्या. जिथे जोर हवा तिथे जोर देत होत्या, जिथे प्रश्न होता तिथे थांबून समोरच्यांकडे पाहत होत्या. दिवसभरात बोळातून किती माणसं जातात, हे निवेदकांनी आठवडाभर खिडकीत बसून मोजलं होतं. ते आकडे सिस्टरांनी दोनदा वाचले, कुणाच्या कानातून सुटू नयेत म्हणून. एकतीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं आपण वाचत आलो, आपलं लिहिलेलं कुणी वाचतंय असं कधी घडलं नव्हतं, हे निवेदकांच्या मनात आलं आणि त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

कागदाच्या तळाशी येऊन सिस्टर थांबल्या. खाली वाकून हलक्या आवाजात म्हणाल्या, "शेवटी एक ओळ खोडलेली आहे. ती वाचू, की राहू दे?"

निवेदकांनी आधी त्या खोडलेल्या ओळीकडे पाहिलं. मग त्यांनी मान होकारार्थी हलवली.

सिस्टरांनी वाचलं : "मी दिवसभर खिडकीत बसतो. ही माणसं मला ओळखत नाहीत, पण ती येतात-जातात म्हणून मला दिवस सरल्यासारखा वाटतो."

सिस्टरांनी कागदाची घडी घालून तो परत दिला. मग चष्मा काढला आणि तिथेच उभ्या राहून म्हणाल्या, "आता माझं सांगते. ग्रुपवर हे मी लिहिलं नव्हतं. दीड वर्षापूर्वी आमचे हे भाजी घेऊन बोळातून येत होते. मोटारसायकलवाल्याने धडक दिली आणि थांबलासुद्धा नाही. खुब्याचं हाड मोडलं. पाच महिने अंथरुणात होते, मग छातीत कफ भरला आणि गेले. चाळीस वर्षं मी लोकांची माणसं उठवून चालती केली. घरातलं एक माणूस मला उठवता आलं नाही. मला दार हवंय ते एवढ्यासाठी."

निवेदकांना आठवलं, खिडकीतून त्यांनी तिरडी जाताना पाहिली होती. समोरच्या इमारतीतलं कुणीतरी गेलं एवढंच त्यांना कळलं होतं. त्यानंतर दहाएक दिवसांनी पायऱ्यांचा वाद झाला होता. म्हणजे ही बाई तेव्हा... त्यांना पुढचा विचार करवेना.

वायरमनने घसा खाकरून विचारलं, "दार लावावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." बरेच हात वर झाले. सिस्टरांचा पहिला. "लावू नये, असं वाटणारे?" निवेदकांचा हात मांडीवरच होता. तो उचलणं त्यांच्या जिवावर आलं होतं. समोर सिस्टर त्यांच्याकडेच पाहत होत्या. त्यांनी हात वर केला आणि वायरमनची मोजणी होईपर्यंत खाली घेतला नाही.

चार मतांनी दार जिंकलं.

संध्याकाळी सिस्टरांचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, त्यांच्या एकट्याच्या नंबरवर. "हात वर केला नसतात तर मी तुमच्याशी पुन्हा बोलले नसते."

खाली आणखी एक होता : "मंगळवारी सकाळी इस्पितळात तुमच्यासारख्यांचा वर्ग असतो. स्वरयंत्र नसताना हवा गिळून अन्ननलिकेतून बोलायला शिकवतात. शिकवणारी माझ्या हाताखाली तयार झाली आहे. मुलीने सांगितलं असेलच."

मुलीने सांगितलं होतं, वर्षभरात चार वेळा. चारही वेळा त्यांनी पाटी उलटी ठेवली होती. आता त्यांनी लिहिलं : "त्या आवाजाला आवाज म्हणतात?"

"ढेकरेसारखा असतो," सिस्टरांनी उत्तर दिलं. "खोटं कशाला सांगू? पण तो तुमचा असतो."

पंधरा दिवसांत दार बसलं. वेल्डिंगच्या ठिणग्या त्यांनी वरून पाहिल्या. पहिल्या दिवशी कितीतरी माणसं आत वळली, दार पाहून गोंधळली आणि परत फिरली. डबेवाली बाई बराच वेळ गज धरून उभी राहिली. मग ती यायचीच बंद झाली. खिडकीखालचा बोळ रिकामा पडला. मुलगी म्हणाली, "बाबा, खुर्ची दुसऱ्या खोलीत ठेवू का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. पण तिथे बसून पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं हेही खरं होतं, आणि पुढच्या मंगळवारी ते मुलीबरोबर वर्गाला जायला बाहेर पडले.

वर्गात सहा जण होते. पहिले कित्येक आठवडे नुसतं हवा आत ओढायची आणि परत सोडायची. पोट दुखायचं, डोळ्यांत पाणी यायचं, निघायची ती फक्त ढेकर. एकदा तर वर्ग अर्ध्यावर सोडून ते बाहेर बाकावर जाऊन बसले. ज्या माणसाच्या आवाजावर हजारो लोक वळले त्याने आता लहान मुलासारखं 'पा, टा, का' करत बसायचं? शिकवणारी बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "ही अक्षरं आधी येतात. बाकीची रेंगाळत येतात." तिने आणखी काही समजावलं नाही. ते उठून आत गेले.

चार महिन्यांनी एका दुपारी सिस्टरांनी खाऊ घालून पाठवलेली थाळी परत द्यायला ते एकटेच समोरचा जिना चढले. सिस्टरांनी दार उघडलं. भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा फोटो होता, त्याखाली त्याची काठी अजून टेकून ठेवलेली होती. त्यांनी थाळी घेतली, दोन शब्द इकडचे तिकडचे बोलल्या, आणि म्हणाल्या, "काही म्हणा वकीलसाहेब, दार लावलं ते बरंच झालं. आता तुम्हालाही मान्य असेल."

निवेदकांनी खिशातल्या फोनकडे हात नेला आणि परत घेतला. ओठ मिटून हवा गिळली. पहिल्या खेपेला काहीच निघालं नाही. दुसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले.

"पटत," ते म्हणाले. खरखरीत, तुटका, खोल विहिरीतून यावा तसा आवाज. मग पुन्हा हवा गिळून : "नाही."

सिस्टरांनी हातातली थाळी बाजूच्या टेबलावर ठेवली. पदराने तोंड पुसल्यासारखं केलं.

"का पटत नाही?" त्यांनी विचारलं. "कारण सांगा. नुसतं नाही म्हणून चालायचं नाही."

कारण मोठं होतं, आणि हवा थोडी. त्याला वेळ लागणार हे सिस्टरांना ठाऊक होतं. त्यांनी आतून दोन खुर्च्या आणल्या, एक त्यांच्यापुढे सरकवली, दुसरीवर स्वतः बसल्या, आणि वाट पाहत राहिल्या.