साडूंचा रकाना

आरोग्य कार्यालयात तिला सगळे आकडेताई म्हणत. दर सोमवारी ती दवाखान्यांतून आलेले रुग्णांचे आकडे जुळवून चौसष्ट पानांचा अहवाल साहेबांपुढे ठेवी. साहेब तो हातात तोलून पाहत, "भरीव काम आहे" म्हणत आणि शेवटच्या पानावर सही ठोकत. आधीच्या त्रेसष्ट पानांना त्यांनी कधी त्रास दिला नव्हता.

एकोणचाळिसावं पान मात्र तीन आठवडे बोंबलत होतं. टाकीमागच्या गल्लीत जुलाबाचे रुग्ण पाच, मग सतरा, मग एकेचाळीस. पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन तिथे गटाराला लागूनच फुटली होती. दुरुस्तीला साहेबांची मंजुरी हवी होती, आणि त्यासाठी साहेबांनी वाचायला हवं होतं.

गल्लीतल्या दवाखान्याच्या सिस्टर रोज फोन करत. "आज दोन तान्ही आलीत. सलाइन उद्यापर्यंत पुरेल. तुझे साहेब वाचतात तरी का गं?"

"सही करतात."

शहराच्या शेजारच्या विभागाचे आरोग्यप्रमुख म्हणजे साहेबांचे साडू. साडूंनी मोठी गाडी घेतली तेव्हा साहेब आठवडाभर कुणाशी धड बोलले नव्हते. हे आठवलं आणि चौथ्या सोमवारी आकडेताईने अहवालाऐवजी एकच कागद पुढे केला. त्यावर दोन रकाने. शेजारचा विभाग: फुटलेली पाइपलाइन दोन दिवसांत दुरुस्त, रुग्ण चार. आपला विभाग: पाइपलाइन तशीच, रुग्ण अठ्ठावन्न.

साहेबांनी कागद तोलला. वजन काहीच भरेना, म्हणून नाइलाजाने वाचला.

"हे चार म्हणजे त्याचे?"

"हो साहेब."

"आणि हे वर जातं?"

"दोघांचंही जातं. शेजारी शेजारी."

दुपारी गल्लीत खणायला माणसं हजर. साहेब स्वतः खड्ड्याच्या काठाशी, बूट चिखलात, जनतेची काळजी चेहऱ्यावर.

दोन आठवड्यांनी सिस्टरचा फोन आला. "आज एकही नाही गं. कसं जमवलंस?"

"साडूंची कृपा."

तेवढ्यात साहेबांचं बोलावणं आलं. "त्याचे किती?"

"तीन, साहेब. आपले शून्य."

साहेब कितीतरी दिवसांनी मनापासून हसले. "दर सोमवारी हा कागद हवा. चौसष्ट पानंही हवीत हं, वजन कमी व्हायला नको."

आकडेताईने जागेवर येऊन बाविसावं पान काढलं. बाजारपेठेत डासांचा ताप वाढत होता. आणि साडूंकडे, नशिबाने, फवारणी कालच उरकली होती.