पाठीवरचे पंख

टी-शर्ट बघताक्षणी व्हर्ना टोलेफसनने नाक मुरडलं.

बरबँकच्या टीव्ही स्टुडिओसमोरच्या पार्किंगमध्ये तिच्या लेकीने, जनेलने, गाडीची डिकी उघडली आणि प्रसाद वाटावा तसे एकेकाच्या हातात टी-शर्ट ठेवले. रंग पिवळा, डोळ्यांत बोट घालणारा. छातीवर व्हर्नाच्या नवऱ्याचा, ऑरिनचा फोटो. नदीवर गळ टाकायला गेला होता तेव्हाचा, टोपी मागे सरकलेली, हातात मासा. हा फोटो फ्रिजवरून नाहीसा झाला म्हणून व्हर्नाने घर पालथं घातलं होतं. तो कुठे गेला ते आता कळलं. तरीही फोटोपुरतं तिला बरंच वाटलं. बापाची आठवण ठेवून पोरीने काही केलं, म्हणून ती दोन चांगले शब्द बोलणारही होती.

तेवढ्यात जनेल डिकी लावायला वळली. तिच्या पाठीवर दोन पांढरे पंख होते, मध्ये ऑरिनचा तोच मासेवाला फोटो आणि खाली टपोऱ्या अक्षरांत छापलेलं, ‘बाबा वरून बघतायत!’

“वरून म्हणजे कुठून गं?” व्हर्ना म्हणाली.

“आई, आता सुरू नको करूस.”

“तुझा बाप बेकर्सफील्डला घरी खुर्चीत बसलाय. सकाळी त्याला ओटमील भरवून मी निघालेय. तू त्याला मारून टाकलंस?”

“मारलं काय! नुसतं लिहिलंय.” जनेलने आवाज खाली आणला. “हे बघ, ‘आमच्या बाबांना कार्यक्रम आवडतो’ एवढ्यावर कोण विचारणारे? सगळ्यांच्याच बाबांना आवडतो. घरातलं कुणी गेलेलं असलं की लगेच स्टेजवर घेतात. माझ्या मैत्रिणीच्या जावेला घेतलं ना, भाऊ गेला म्हणून.”

“तिचा भाऊ खरंच गेला होता.”

“टी-शर्टवर काय फरक पडतो?”

जावई ड्वेन चिप्सची पिशवी फोडत होता. “अहो आई, वरून म्हणजे माळ्यावरून म्हणायचं. आहे की तुमच्या घराला माळा.” आणि स्वतःच्याच विनोदावर तो तोंडभर चिप्ससकट हसला.

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे व्हर्नाने बघितले होते. इथे तर माणूस धडधडीत जिवंत होता.

ती तिथूनच परत फिरली असती, पण तिला ऑरिनने पाठवलं होतं. तेलविहिरींच्या पंपांवर जन्म घालवलेला तो माणूस दोन वर्षांपूर्वी झटका आल्यापासून खुर्चीला खिळला होता. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. दिवसभरात एखाददुसरा शब्द बाहेर यायचा, तोही घाम फुटून. रोज सकाळी अकराला टीव्हीवर ‘उघडा कपाट’ लागलं की मात्र त्याचा डावा हात जागा व्हायचा. तीन कपाटं, एकात बक्षीस. तो बोट उचलायचा आणि दर वेळी मधलंच कपाट दाखवायचा. चुकलं तर जीभ काढायचा. एकदा पडद्यावर प्रेक्षक नाचत होते तेव्हा त्याने तेच बोट आधी टीव्हीकडे आणि मग व्हर्नाकडे केलं. “तू. तिथे.” आजारपणात त्याने मागितलेली ही एकच गोष्ट. आणि जायचं ठरल्यावर पांढऱ्या बटणांचा तिचा निळा ब्लाउजही त्यानेच बोट दाखवून घालायला लावला होता.

जाळीचं कुंपण, दारावर पहारेकरी, पास सगळे जनेलच्या नावाचे. सगळ्यांनी टी-शर्ट घातले तरच आत, नाहीतर कुणीच नाही, असं तिने ठणकावून सांगितलं. व्हर्नाने निळ्या ब्लाउजवरून ते पिवळं फडकं चढवलं. नवऱ्याचं तोंड आपल्या छातीवर घेऊन उन्हात रांगेत उभं राहताना तिला स्वतःचीच शिसारी आली.

रांगेत तर नुसता बाजार भरला होता. एक थोराड बाप्या लंगोट लावून, तोंडात चोखणी धरून उभा होता. पोटावरचे पांढरे केस घामाने चिकटलेले. एकाच्या पायाला प्लास्टर होतं, पण ते बुटावरून चढवलेलं. एका कुटुंबाच्या छातीवर ‘मावशीची शेवटची केमो’ असं लिहिलं होतं आणि मावशी कॉर्न डॉग खात मोबाइलवर कुणाशी तरी भांडत होती. व्हर्नाच्या पुढची पोरगी पोटुशी होती. ‘आत जुळी आहेत, शेगडी द्या!’ असं तिच्या पोटावर लिहिलं होतं. ती बुटाची नाडी बांधायला वाकली तेव्हा टी-शर्टखालून उशीचं फुलाफुलांचं टोक डोकावलं. तिने ते आत खोचलं आणि व्हर्नाकडे बघून डोळा मारला.

“काय करणार काकू, नुसत्या चेहऱ्याकडे कोण बघतंय?” ती म्हणाली.

“शी,” व्हर्ना म्हणाली. पोरीला ते कौतुकच वाटलं असावं.

दाराशी कपडे तपासणारी बाई काळी चिकटपट्टी घेऊन फिरत होती. कंपन्यांची नावं पडद्यावर दिसता कामा नयेत, म्हणून दिसेल त्या नावावर ती पट्टी मारत होती. व्हर्नाच्या बुटावर तिने दोन पट्ट्या मारल्या. मग व्हर्नाला वळवून पाठीवरचे पंख बघितले, मजकूर वाचला आणि म्हणाली, “छान आहे. पुढे चला.” बुटावरचं नाव चालत नव्हतं, जिवंत माणसाचं मरण चालत होतं.

पुढे उंच स्टुलावर स्लोन नावाची निवड करणारी मुलगी बसली होती. कानात यंत्र, पाय हलता, हसू कायमचं लावलेलं. ती प्रत्येकाशी चार वाक्यं बोलायची आणि जो जास्त किंचाळेल त्याच्याकडे बोट करून मागच्या माणसाला खूण करायची. ड्वेनने बेडूकउड्या मारल्या. जनेलने मात्र आवाज असा काही घोगरा केला की व्हर्ना बघतच राहिली. ही पोरगी आजीच्या दफनाला च्युइंगगम चघळत उभी होती.

“बाबा फेब्रुवारीत गेले,” जनेल म्हणाली. “जाताना आईचा हात धरून म्हणाले, तू तिथे जा.”

त्यातले ‘तू तिथे’ हे शब्द खरे होते, आणि ते कानावर पडताच व्हर्नाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यात दुःख नव्हतं, नुसती लाज होती. आपल्या घरातली एकुलती एक चांगली गोष्ट पोरीने खिशातून काढून रस्त्यावर मांडली होती.

“अय्या, आजी!” स्लोनने टाळ्या पिटल्या. “हेच हवंय! स्टेजवर अस्संच ठेवाल ना? डोळे पुसू नका हं.”

आत स्टुडिओ थंडगार होता. लोकांना ओरडायला शिकवणारा एक माणूस बराच वेळ घसा फोडत होता. मग दिवे लागले, ढोल वाजले आणि पहिलंच नाव पुकारलं गेलं व्हर्नाचं. जनेलने तिला ढकलतच पायऱ्यांपर्यंत नेलं.

निवेदक रेक्स डेलनी जवळून बघितल्यावर मेणाचा वाटत होता. त्याने व्हर्नाच्या खांद्यावर हात टाकला. तेलकट सुगंधाचा लोट आला.

“व्हर्ना! आणि हा देखणा गडी कोण?”

“माझा नवरा. ऑरिन.”

“आणि आज ऑरिन वरून बघतोय!” रेक्सने हात छताकडे केला. सगळ्या प्रेक्षकांनी एका सुरात “ऑऽऽ” केलं. लंगोटवाल्या बाप्यानेसुद्धा चोखणी काढून “ऑऽऽ” केलं.

“नाही,” व्हर्ना म्हणाली. “खुर्चीतून बघतोय. जिवंत आहे तो.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. कॅमेरे थांबले. स्लोन लगबगीने स्टेजवर आली.

“आजी, तुमच्या मुलीने तर सांगितलं…”

“खोटं सांगितलं तिने.”

“हो का? हरकत नाही.”

रांगेतली उशी, प्लास्टर, तो लंगोट, सगळं एका बाजूला आणि ही ‘हरकत नाही’ एका बाजूला. व्हर्नाला खरी किळस आली ती इथे.

“म्हणजे आम्हाला काही अडचण नाही,” स्लोन समजुतीने सांगत होती. “कोण तपासायला जातंय? आपण पुन्हा घेऊ. रेक्स म्हणेल वरून बघतोय, तुम्ही फक्त ‘हो’ म्हणा आणि मघासारखं थोडं रडा. सगळं त्या गोष्टीवरच बसवलंय हो. नाहीतर मला दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं लागेल.”

खालून जनेल हात जोडत होती. “आई, एक शब्द! फक्त एक शब्द!”

समोर तिन्ही कपाटं उभी होती, रोज टीव्हीत दिसायची त्याहून बुटकी, रंगाचे पोपडे निघालेली. व्हर्नाने मधल्याकडे बघितलं. एक ‘हो’ म्हटलं की ऑरिनला ती दिसणार होती. तो बोट उचलणार होता, ती मधलं कपाट मागणार होती. दोन वर्षांत त्याच्या तोंडावर जे हसू आलं नव्हतं ते कदाचित आलं असतं. पण त्याआधी त्याच पडद्यावर त्याला ऐकावं लागलं असतं की आपण मेलो आणि आपल्या बायकोने हो म्हटलं. दुसरा कुणी असता तर उठून ओरडला असता, फोन केला असता, शिव्या घातल्या असत्या. याला ‘मी आहे’ एवढंही धड म्हणता येत नव्हतं.

व्हर्नाने दोन्ही हातांनी टी-शर्टची कड धरली आणि तिथेच, दिव्यांच्या उजेडात, तो डोक्यावरून ओढून काढला. चष्मा पडला, केस विस्कटले. निळा ब्लाउज चुरगळला होता, तो तिने खाली ओढून नीट केला आणि पिवळा बोळा रेक्स डेलनीच्या हातात कोंबला.

“बोलवा दुसऱ्या कुणाला,” ती म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

उशीवालीला बोलावलं. तिने मधलं कपाट मागितलं आणि त्यातून लालभडक शेगडी निघाली. ती आनंदाने उड्या मारायला लागली तशी जुळी सरकत सरकत बरगडीपर्यंत गेली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. जनेल आणि ड्वेनही उभे राहिले, कॅमेऱ्यात यायचं म्हणून बाकावर चढून नाचले. त्यांच्यामध्ये व्हर्ना एकटी बसून होती.

परतताना गाडी घाट चढली. मग जनेल म्हणाली, “सगळ्या जगासमोर माझी लाज काढलीस.”

“होती तुझ्याकडे?” व्हर्नाने विचारलं.

ऑरिनला तिने एवढंच सांगितलं की मला निवडलं नाही, पण पहिल्या रांगांमध्ये बसले होते, दिसेन. त्याने डाव्या हाताने तिचा गुडघा थोपटला. आपला भाग कापून टाकणार हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती निर्धास्त होती. कार्यक्रम लागायच्या दिवशी तिने त्याची दाढी केली, त्याला स्वच्छ शर्ट घातला आणि खुर्ची टीव्हीजवळ ओढली.

उशीवाली आली. ऑरिनने बोट उचलून मधलं कपाट दाखवलं. शेगडी निघाली तसा तो घशातून हसला. कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला आणि नाचणाऱ्या लोकांत क्षणभर एक निळा ठिपका दिसला.

“तू!” ऑरिन म्हणाला. केवढा स्पष्ट शब्द! व्हर्नाला हसू आणि रडू एकदमच आलं. “हो रे, मीच! तुझा ब्लाउज!”

आणि मग कॅमेरा प्रेक्षकांच्या मागे गेला. बाकावर नाचणाऱ्या दोन पिवळ्या पाठींनी पडदा भरून गेला. पंख, मासा, टोपी, अक्षरं. झटक्याने ऑरिनचं बोलणं नेलं होतं, वाचणं नेलं नव्हतं.

त्याचं बोट हवेतच राहिलं. त्याने सावकाश मान वळवून फ्रिजकडे बघितलं. फोटो होता तिथे नुसतं चुंबक उरलं होतं. मग तेच बोट त्याने स्वतःच्या छातीवर टेकवलं.

“मी?”

व्हर्ना त्याच्याजवळ वाकली. “जनेलचा मूर्खपणा आहे रे. मी नाही म्हटलं त्यांना. ऑरिन, मी नाही म्हटलं.” ती त्याचा हात धरून पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली. तो पडद्याकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम आला, ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. शेवटी त्याने बोट टीव्हीकडे केलं.

तिने टीव्ही बंद केला तेव्हा फोन वाजत होता. जनेलच होती, आनंदाने फुटत होती.

“आई! आम्ही दिसलो! बघितलंत ना? अख्खा पडदा! बाबांनी बघितलं का?”

“बघितलं,” व्हर्ना म्हणाली.

“मग? काही बोलले?”

“बोलला की,” व्हर्ना म्हणाली. “बंद कर, म्हणाला.”