वाऱ्यात पुढे कोण

पहिला चढ लागायच्या आधीच चष्मेवाल्याने सायकलवाले खातात त्या गोड जेलचं पाकीट दातांनी फाडलं, आतला चिकट ऐवज चोखून घेतला, बोटं चाटली आणि रिकामं पाकीट मागे न बघता झुडपात भिरकावलं. मग तीच बोटं धाकट्याच्या खांद्यावर ठेवली.

"काय मेहुणे, निघायचं ना?"

धाकट्याच्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. मेहुणे! कशात काय अन् फाटक्यात पाय. ताईने अजून हो म्हटलेलं नव्हतं. ते ती आज संध्याकाळी सांगणार होती, चष्मेवाल्याची आई घरी येणार होती तेव्हा. आणि त्याआधी ताईला एवढंच हवं होतं की हा माणूस एकदा सायकलवर धरणाची फेरी मारून यावा.

"जेवणाच्या टेबलावर सगळेच गोड असतात," ती म्हणाली होती. "चढावर कळतं कोण कसं आहे ते. तू ने त्याला."

ती स्वतःच गेली असती. या रस्त्यावर तिने कितीतरी लोकांना सायकल शिकवली होती, धाकट्यालाही. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी अजून पायडल मारू दिलं नव्हतं. म्हणून ती गाडी घेऊन धरणाजवळच्या चहाच्या दुकानात थांबली. फेरी तिथेच सुरू होते, तिथेच संपते.

आणि निघताना आईने धाकट्याला स्वयंपाकघरात गाठलं होतं. "हे बघ. मुलगा चांगला आहे, त्याचं स्वतःचं दुकान आहे. तुझ्या जिभेला हाड नाही. तू एक शब्द जरी वाकडा बोललास तर माझ्याशी गाठ आहे."

"आणि त्यानेच काही केलं तर?"

"तरी नाही."

म्हणून धाकटा तोंड शिवून निघाला.

फेरी तशी बेताची. जीव काढणारी नाही, पण झोपेत मारण्यासारखीही नाही. आधी पाइनच्या झाडांतून लांबलचक चढ, मग खिंड, मग वरचं पठार, आणि मग घळीतून उतरत परत पाण्याकाठी. बघण्यासारखं सगळं आहे. खिंडीतून मागे वळून पाहिलं की धरण कुणीतरी टाकलेल्या आरशासारखं दिसतं. धाकटा आठवडाभर लोकांच्या बाथरूममध्ये गुडघे टेकून टाइल्स बसवायचा आणि सुट्टीच्या दिवशी इथे येऊन छाती भरून श्वास घ्यायचा.

आज श्वास घेववत नव्हता. मागे चष्मेवाला होता. मागे म्हणजे अगदी मागे. चाकाला चाक लावून.

यात वाईट काही नाही. सायकलवाले असेच जातात. पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्याला आडोसा मिळतो, त्याचं निम्मं काम वाचतं. पण मग पुढचा दमला की कोपर हलवतो, बाजूला होतो, आणि मागचा पुढे येतो. पाळीपाळीने. हे कुणाला सांगावं लागत नाही. चष्मेवाल्याने तर ताईला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की तो पंधरा वर्षं सायकल मारतोय.

धाकट्याने कोपर हलवलं. बाजूला झाला. चष्मेवालाही बाजूला झाला.

परत हलवलं. चष्मेवाल्याने पायडल थांबवून चेनकडे वाकून पाहिलं. "काहीतरी आवाज येतोय हो!"

तिसऱ्यांदा धाकट्याने तोंडानेच सांगितलं, "या ना पुढे जरा."

"मला रस्ता कुठे माहितीये!"

रस्ता एकच होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी.

खिंडीत झरा आहे. कुणीतरी दगडाची कुंडी बांधून ठेवलीये, येणारे-जाणारे बाटल्या भरून घेतात. चष्मेवाल्याने बाटली भरली, मग ओंजळीने खळखळून चूळ भरली आणि थुंकला. कुंडीत. बाहेर एवढा डोंगर पडलेला असताना. वर नाक शिंकरून हातही त्याच पाण्यात बुचकळले.

धाकट्याने बाटली उघडली होती, ती तशीच बंद केली. तहानेने जीभ टाळूला चिकटलेली. तरी त्याने बाटली परत सायकलला अडकवली.

"काय मस्त जागा आहे," चष्मेवाला म्हणाला. "लोक घाण करून ठेवतात, नाहीतर..."

पठारावर वारा समोरून आला. थेट, तोंडात मारल्यासारखा. गवत आडवं पडलेलं. आणि पुढे गाईंचा मोठा कळप नुकताच रस्ता ओलांडून गेलेला. सकाळी सर येऊन गेली होती, त्यामुळे रस्ताभर हिरवट पातळ शेणाचा लगदा. बाजूने जायला जागा नाही. दोघांच्याही सायकलींना मडगार्ड नाहीत, अशा सायकलींना नसतातच.

धाकटा घुसला. मागचं चाक फरफर उडवत होतं, पाठीवर थंडगार थेंब बसत होते. त्याने ओरडून सांगितलं, "अंतर ठेवा! उडतंय!"

पण अंतर ठेवलं की वारा लागतो. चष्मेवाल्याने वाऱ्यापेक्षा शेण पत्करलं. मागून नुसतं थू थू ऐकू येत होतं. पण चाक काही सुटलं नाही.

माणूस एवढा आळशी असू शकतो? धाकट्याला हसू यायला हवं होतं. नाही आलं. नुसती किळस आली. हा माणूस आपल्या घरात बसणार. ताईच्या ताटातलं उचलून खाणार. ताई पुढे आणि हा मागे, जन्मभर, वर म्हणणार, मला कुठे रस्ता माहितीये.

घळीतल्या उतारावर मात्र चष्मेवाला सुसाट पुढे गेला. उताराला काय, धोंडासुद्धा पुढे जातो.

धाकटा दुकानापाशी पोचला तेव्हा चष्मेवाला हात उडवत ताईला सांगत होता, "अगं, वर काय वारा! याची पार वाट लागलेली. म्हटलं, बस बाबा माझ्या मागे, मी ओढतो तुला. अख्खं पठार ओढलं!" आणि त्याने धाकट्याच्या पाठीवर कौतुकाची थाप मारली. हाताला शेण लागलं. ते त्याने धाकट्याच्याच बाहीला पुसलं.

धाकट्याचे कान तापले. तोंड उघडलं. आईचा चेहरा आठवला. बंद केलं.

ताई चहाचा कप हातात धरून दोघांकडे बघत होती. धाकट्याच्या पाठीवर हिरवा पट्टा, पण छाती आणि चेहरा स्वच्छ, नुसता घामाने चमकणारा. चष्मेवाला मात्र मागूनपुढून माखलेला. गळ्यापासून पोटापर्यंत शेणाचे ठिपके, हनुवटीवर, ओठांवर, दातांच्या फटीतसुद्धा. चष्मा काढलेला, त्यामुळे डोळ्यांभोवती दोन गोरी वर्तुळं. घुबड दिसत होता.

"पुढे तू होतास?" तिने विचारलं.

"मीच की."

"मग हे तुझ्या तोंडावर कुणी उडवलं?"

चष्मेवाल्याने गालावरून हात फिरवला. हाताकडे पाहिलं. मग हसला. "गंमत गं. तुझ्यासमोर जरा शायनिंग."

"दमलो, वारा झेपला नाही, एवढं म्हणाला असतास तर मी तुला चहा पाजला असता."

"लाज वाटली."

"आणि याला लुळा ठरवायला नाही वाटली?"

"एवढ्याशा शेणावरून तू आता..."

"हो. तुझ्या आईला मी फोन करते. त्यांना उगाच एवढ्या लांब यायला नको."

चष्मेवाला धाकट्याकडे वळला. "तूच काहीतरी भरवलंस हिच्या डोक्यात!" आणि मागच्या नळाकडे तोंड धुवायला गेला. त्याचं घसा साफ करणं आतपर्यंत ऐकू येत होतं.

धाकट्याला वाटलं होतं, असं काही झालं तर आपण नाचू. तो शेजारच्या खुर्चीवर बसला. ताईने कप खाली ठेवला होता, चहावर साय धरली होती.

"मला आवडला होता रे," ती म्हणाली. "अजून आवडतोय थोडा. तेच घाण वाटतंय."

"मी काही बोललो नाही हं," धाकटा म्हणाला.

"माहितीये."

"आईला पटणार नाही."

"आईचं मी बघते. आधी याला घरी सोडावं लागेल. आपल्याच गाडीतून आलाय."

दोघं नळाकडे बघत राहिले. चष्मेवाला शर्टाच्या टोकाने दात पुसत होता.

"माझ्या शेजारी नको बसवूस," धाकटा म्हणाला.

"मग काय, डिकीत घालू?" ताईने नाक पुसलं आणि किल्ली उचलली. "चल, सायकली बांध. आणि काचा सगळ्या खाली घे."