दारणेच्या पाण्यावरची ठमाबाईची होडी

मित्रांनो, दारणा धरणाच्या काठी आंब्याखाली एक होडी पालथी पडलेली दिसते ना, ती मीच. आता माझ्या पाठीवर कोंबड्या बसतात. पण बारा वर्षं मी या पाण्यावर माणसं वाहिली आहेत.

माझा साग सुरगाण्याच्या डोंगरातला. एकोणीसशे सव्वीस साली गोटीराम मिस्त्र्यानं मला घडवलं. फळ्यांच्या फटींत सूत ठोकून वर डांबर फासलं आणि बहिरू कोळ्याच्या हाती मला दिलं. चारच वर्षांत बहिरूला इगतपुरीला रेल्वेत काम लागलं आणि वल्हं त्याच्या बायकोनं, ठमाबाईनं, हातात घेतलं. गावातले बाप्ये हसले. "बाईच्या होडीत कोण बसंल?" म्हणाले. पण आठ दिवसांत तेच टोपी सांभाळत माझ्यात बसू लागले, कारण पलीकडच्या काठाला जायचं तर दुसरा रस्ता सात कोसांचा, तोही सगळा दगडाधोंड्यांचा.

त्याच रस्त्यानं एका घराचा घात केला होता. बांगड्या विकणाऱ्या कादरची बायको शहनाज दोन वेळा गरोदर राहिली. दोन्ही वेळा दुखायला लागलं तेव्हा घाईघाईनं बैलगाडी जुंपली, गाडी धोंड्यांवरून आदळत गेली, आणि दोन्ही वेळा ती रिकाम्या ओटीनं परत आली. तिसऱ्या खेपेला तिचे पाय सुजू लागले. पलीकडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, दर पंधरा दिवसांनी तपासायला यायचंच.

कादरची आई जैतुनबी काठावर उभी राहून म्हणाली, "ठमा, गाडीत बसवायला मन धजत नाय, अन् पाण्यावर जीव भरवसा ठेवत नाय. भरल्या पोटाची पोर हाय. काय करू गं?"

"तुम्हीबी संगं चला, खाला," ठमाबाई म्हणाली. "मी नेते तशी नेऊ द्या, मंग बोला."

मित्रांनो, ठमाबाईनं कधी शाळा पाहिली नव्हती. पण तिनं त्या पोरीची जी काळजी घेतली, तशी मी नंतर कुणाकडे पाहिली नाही. ती सकाळीच निघायची, वारा उठायच्या आधी. माझ्या पुढच्या टोकाला हिसके जास्त बसतात, म्हणून शहनाजला बरोबर मध्ये बसवायची, खाली भाताचा पेंढा आणि वर घोंगडी. चढताना दोन्ही हात धरायची. पाण्यात पडलीच तर तरंगावी म्हणून वाळलेले भोपळे दोरीनं तिच्या बगलेखाली बांधायची आणि म्हणायची, "पोटावर दोरी नगं." मळमळायला लागलं की आल्याचा तुकडा द्यायची. "पाण्याकडं बघू नगंस पोरी, त्या लांबच्या डोंगराकडं बघ." त्या खेपेला मी पोती वाहायची नाही आणि चारांवर पाचवं माणूस घ्यायची नाही, हा तिचा नेम.

दोन खेपा सुखरूप झाल्या. तिसऱ्या खेपेला शहनाजला आठवा सरत आला होता. सकाळपासून तिचं डोकं ठणकत होतं. पाणी आरशासारखं होतं, पण आम्ही निम्म्यावर आलो आणि घाटाकडून अवचित वारा सुटला. लाटा माझ्या कुशीवर आदळू लागल्या, पाणी आत उडालं. जैतुनबी घाबरून उभी राहिली आणि मी एका बाजूला कलले.

"खाली बसा!" ठमाबाई कडाडली. आयुष्यात पहिल्यांदा ती जैतुनबीवर ओरडली असेल.

म्हातारी मटकन बसली. ठमाबाईनं माझं तोंड वाऱ्याकडे वळवलं. एवढ्या सावकाश आणि एवढ्या ताकदीनं तिनं वल्हं मारलं की एकही लाट मला आडवी लागली नाही. पाण्यात एक टेकाड वर आलेलं होतं. त्याच्या आडोशाला तिनं मला नेलं आणि तिथल्या झाडाच्या एका खुंटाला बांधून टाकलं.

"थांबलीस कशाला?" जैतुनबी रडकुंडीला आली. "दवाखाना समोर दिसतोय. मार की वल्हं!"

ठमाबाईच्या हाताला फोड आले होते. ती काही बोलायच्या आत शहनाजच म्हणाली, "अम्मा, राहू द्या. दोनदा घाई केली आपण. आज मावशी म्हणतील तेव्हाच."

ठमाबाईनं तिला डाव्या कुशीवर निजवलं, पाठीशी घोंगडी लावली, घोट घोट पाणी पाजलं. दर थोड्या वेळानं विचारायची, "बाळ हलतंय का गं?" शहनाज मान हलवायची. ते दोन तास मला दोन वर्षांएवढे वाटले. वारा पडला तेव्हाच तिनं दोरी सोडली.

डॉक्टरीणबाईंनी शहनाजला तिथंच ठेवून घेतलं. तीन आठवड्यांनी मुलगी झाली, आणि ती पहिल्या दमालाच रडली. ही बातमी कादरनं, आम्ही पलीकडच्या काठाला लागायच्या आधीच, ओरडून सांगितली. ठमाबाईनं वल्हं खाली ठेवलं आणि पदरात तोंड लपवून ती किती वेळ तरी रडली. त्यानंतर भोवतालच्या वाड्यांतल्या कितीतरी गरोदर बाया माझ्यात बसल्या. एकीलाही इजा झाली नाही.

गेल्या वर्षी माझ्या तळाची एक फळी मऊ पडली. मी अजून तरंगत होते. रजेवर घरी आलेला बहिरू म्हणाला, "डांबर लाव, दोन वरसं निघतील."

ठमाबाईनं फळीत नख रोवलं. नख आत गेलं.

"जिच्या पोटात जीव हाय, तिला मी या फळीवर बसवू?" ती म्हणाली. "नाय जमायचं."

तिनं मला काठावर ओढलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. मग नवी होडी आली. तिच्या तळाची एकेक फळी ठमाबाईनं स्वतः ठोकून पाहिली, आणि मगच पहिली बाई आत बसवली. ते पाहिलं आणि माझी नाराजी गेली.

म्हणून मित्रांनो, माझी कीव करू नका. तुमच्या भरवशावर कुणी गाडीत, होडीत, कशातही बसणार असेल, तर आधी वाकून तिचा तळ बघा. आणि नख आत गेलं, तर ती कितीही लाडकी असो, तिला काठावर ओढा.