घारीचं पिल्लू उडेपर्यंत

मी शेवाळ बोलतेय. मुलुंडच्या एका सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली, कठड्याच्या भेगेत माझा जन्म झाला. वाऱ्याने कुठूनतरी आणून टाकलं, टाकीतून झिरपणारं पाणी प्यायले आणि इथेच पसरले. चार बोटं पुढे सरकायला मला सहा वर्षं लागली. हसू नका!

शेजारच्या नारळावर घारीचं घरटं आहे. ती पंख न हलवता तरंगत जाते, पार येऊरच्या डोंगरापर्यंत. मी आपली पडल्या पडल्या तिच्याकडे बघत डुलक्या घेते. तिला रोज शिकार लागते, मला नुसती ओल पुरते. सुकून तपकिरी झाले तरी चार थेंबांत पुन्हा हिरवी! तरी तिचा हेवा वाटतोच हो.

मार्चमध्ये गळती बुजवणारा धोंडू आला. त्याने भेग शोधलीच नाही, सरळ मला शोधलं. "शेवाळ दिसलं की समजायचं, पाणी इथंच मुरतंय," म्हणत त्याने तारेचा ब्रश काढला. तेवढ्यात घारीने झडप घालून त्याची टोपी उडवली. घरट्यात पिल्लू होतं ना!

"आयला, वाट लागली!" धोंडू जिन्याकडे पळाला.

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रेमाकाकू त्याच्याबरोबर गच्चीत आल्या होत्या, त्या हसत सुटल्या. खरं तर गळतं त्यांच्याच घरात, थेट देव्हाऱ्यावर. तरी म्हणाल्या, "पिल्लू उडेपर्यंत थांब रे. मी बादली लावते घरात."

म्हणजे पिल्लू उडेपर्यंतच माझं आयुष्य. खोटं कशाला बोलू? ते कधीच उडू नये, असं मला रोज वाटायचं.

आज सकाळी ते धडपडत माझ्यावर येऊन बसलं. नखं माझ्यात रुतली. केवढं थरथरत होतं! समोर आई घिरट्या घालत बोलावत होती आणि याचा पाय काही निघेना. इतक्या जवळून त्याला बघितलं आणि मलाच माझी लाज वाटली. "उड रे राजा," मी म्हटलं. मला मऊ राहण्यापलीकडे काय येतं? तेवढी मऊ राहिले.

ते उडालं. नखांत माझा एक झुपका घेऊन.

प्रेमाकाकूंनी टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले आणि खाली हाक मारली, "धोंडू, ये रे आता."

जिन्यात त्याची पावलं वाजतायत. काकू, तुमचे देव कोरडे राहू देत, माझा राग नाही. फक्त त्याला ब्रश जरा हळू फिरवायला सांगा. मी वर बघतेय. तो हिरवा ठिपका अजून दिसतोय. बाई गं, केवढी उंच गेलेय मी!