पंचविसावं नाव

आमचं केंद्र म्हणजे लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या. एकीत गोल मांडलेल्या खुर्च्या, दुसरीत मी आणि माझी नोंदवही. दारू किंवा नशेच्या गोळ्या सोडू पाहणारी माणसं रोज संध्याकाळी येतात, सही करतात, त्या दिवशी घेतली की नाही ते मी वहीत लिहिते, मग ती बसून बोलतात. सगळं सरकारी अनुदानावर, म्हणजे आलं तर आलं.

त्या वर्षी नवा नियम निघाला. वर्षभराच्या आत व्यसन केलेली निदान पंचवीस माणसं पटावर असतील तरच अनुदान. सुधारलेले धरायचे नाहीत. म्हणजे माणूस बरा झाला की आमचं नुकसान! हा नियम काढणाऱ्याला एक संध्याकाळ आमच्या खुर्चीवर बसवायला हवं होतं.

आमच्याकडे मोजून पंचवीस होते. यादी पाठवायच्या आठवड्यात त्यांतला एक बसड्रायव्हर पिऊन जिन्यावरून पडला आणि गेला. मी त्याच्यासाठी रडले, आणि रडता रडता मनात म्हटलं, चोवीस. याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी किल्लीवाले काका माझ्या टेबलापाशी आले. बसडेपोजवळ त्यांची टपरी आहे, कुलपं दुरुस्त करतात, किल्ल्या बनवतात. सहा वर्षांत ते थेंबालाही शिवले नव्हते, तरी रोज यायचे, खुर्च्या मांडायचे आणि नव्या माणसाच्या शेजारी बसायचे.

"माझं नाव घाला. लिहा, परत प्यायला लागला."

"काका, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे म्हणूनच सांगतोय. हे बंद पडलं तर चोवीस जण कुठे जातील? मला पत्ता पाठ आहे, मी तिथूनच आलोय."

"आणि मुलगी?"

त्यांनी गळ्यातला दोरा चाचपला. मुलीने त्यांना कित्येक वर्षं दारात उभं केलं नव्हतं. काका सुधारले म्हणून कुणीतरी सांगितलं, तेव्हा ती इथे आली आणि मला म्हणाली, "त्यांचं बोलणं नको, वही दाखवा." मग दर महिन्याला यायची, पानावर बोट ठेवून खाली खाली वाचत जायची. अशी तीन वर्षं गेली. मग तिने त्यांना घराची किल्ली दिली, नातीला शाळेतून आणून संध्याकाळपर्यंत सांभाळायला. ती किल्ली काका टपरीवरच्या जुडग्यात ठेवत नसत, दोऱ्यात ओवून गळ्यात घालत.

"तिला कसं कळणार?" ते शेवटी म्हणाले. "कागद सरकारदरबारी जाणार. वही बघणं तर तिने केव्हाच सोडलंय."

मी लिहिलं. कुणी माझा हात धरून लिहायला लावलं नाही. नाव, तारीख, आणि 'पुन्हा मद्यपान'.

सरकारी ऑफिस घरी फोन करून खात्री करून घेतं, हे आम्हा दोघांच्या ध्यानीमनी नव्हतं. काकांच्या अर्जावर घरचा फोन म्हणून मुलीचा नंबर होता, माझ्याच अक्षरात.

ती आली ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली. "वही."

मी पान काढलं. तिचं बोट त्या ओळीवर थांबलं. मी धडाधडा सगळं सांगून टाकलं. नोंद खोटी आहे, अनुदानासाठी केली, तुझे बाबा प्यायलेले नाहीत.

"ताई, पंधरा वर्षं मी हेच ऐकत होते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "पगार मित्राच्या ऑपरेशनला दिला. तोंडाला वास खोकल्याच्या औषधाचा. दर वेळी कुणाचं तरी भलं करायला गेलेले असायचे. म्हणून तर मी वहीवर विश्वास ठेवला. आता तुम्ही म्हणता वही खोटी. मग आधीची पानं कशावरून खरी?"

दुधाने तोंड पोळलेल्या माणसाला ताक पाजायला निघाले होते मी.

तेवढ्यात काका दोन खुर्च्या घेऊन दारात आले. तिने तळहात पुढे केला. त्यांनी खुर्च्या खाली ठेवल्या आणि गळ्यातला दोरा काढून दिला.

"दुसरी करून ठेवली नाहीत ना, बाबा?"

दिवसाला तीस-चाळीस किल्ल्या घासणारा माणूस तो. "नाही गं," एवढंच म्हणाले.

ती गेल्यावर मी म्हटलं, "काका, मी नोंद रद्द करायला कळवते."

"त्याने ती परत विश्वास ठेवेल?"

मी वही मिटली.

"मग असू दे. निदान चोवीस जणांचं तरी होईल."

अनुदान आलं. त्या संध्याकाळी एक नवीन बाई आली, हात लटलट कापत होते. काका तिच्या शेजारी बसले. सगळे उठून गेल्यावर खुर्च्या रचता रचता ते थांबले.

"तिने कुलूप बदललं, ताई. रस्त्यावरून दिसतं. दुसऱ्याकडून बसवून घेतलं."

मला रडू आवरेना. "काका, माझं चुकलं हो."

त्यांचं लक्षच नव्हतं. "अगदी हलकं कुलूप आहे," ते म्हणाले. "साध्या तारेने उघडेल. नात आता दुपारची घरात एकटी असते. तिच्या आईला हे सांगायचं कुणी?"